सम्मेद शिखरजीची पहिली वंदना : नवख्या यात्रेकरूंसाठी मार्गदर्शन

सम्मेद शिखरजीला जावे, असे आपल्याकडच्या प्रत्येक जैन घरात कोणी ना कोणी म्हणत असते. मात्र प्रत्यक्ष निघायची वेळ आली की गाडी कोणती, पर्वत केव्हा चढायचा, टोंका (तीर्थंकरांचे चरण असलेल्या शिखरांवरच्या छत्र्या) किती, आईला डोली मिळेल का, अशा प्रश्नांची उत्तरे दहा जणांकडून दहा तऱ्हेची मिळतात. मी ही वंदना, म्हणजे पर्वत चढून सर्व टोंकांच्या दर्शनाची फेरी, पायी केलेली आहे आणि नंतर घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊनही केलेली आहे, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला जे आधी ठाऊक असायला हवे, ते येथे क्रमाने लिहीत आहे. मी दिगंबर परंपरेतला असल्याने पूजेचे तपशील त्या पद्धतीचे आहेत. श्वेतांबर यात्रेकरूंचा विधी काही ठिकाणी वेगळा असला, तरी पर्वत, वाट आणि श्रम दोघांनाही सारखेच आहेत.

१. पर्वताचे माहात्म्य घरीच समजून घ्या

झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यातील पारसनाथ पर्वत म्हणजेच सम्मेद शिखर. सुमारे १३६५ मीटर उंचीचा हा पर्वत झारखंडमधील सर्वांत उंच असून त्याच्या पायथ्याशी मधुबन हे गाव आहे. चोवीस तीर्थंकरांपैकी वीस तीर्थंकर याच पर्वतावरून मोक्षाला गेले. उरलेल्या चौघांपैकी आदिनाथ भगवान कैलासावरून (अष्टापदावरून), वासुपूज्य चंपापुरीहून, नेमिनाथ गिरनारवरून आणि महावीर पावापुरीहून मुक्त झाले. दिगंबर परंपरा असे मानते की एरवी प्रत्येक कालचक्रात सर्वच तीर्थंकर येथूनच मोक्षाला जातात आणि सध्याचा हुंडावसर्पिणी (विपरीत घटनांचा उतरता) काळ हा त्याला अपवाद आहे. म्हणूनच या क्षेत्राला शाश्वत तीर्थराज म्हणतात.

येथे जाण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करून घ्यावी. जैन सिद्धांतानुसार कर्मबंधनातून सुटलेला जीव ज्या जागी देह सोडतो, तेथून तो कोठेही न वळता सरळ वर लोकाग्रापर्यंत (विश्वाच्या सर्वांत वरच्या टोकापर्यंत) जातो आणि सिद्धशिलेवर विराजमान होतो. त्या अर्थाने शिखरजीच्या प्रत्येक कूटाच्या (शिखराच्या) नेमके वर ते सिद्ध परमात्मा आहेत. टोंकांवर भव्य मूर्ती का नाहीत, छोट्याशा छत्रीत केवळ चरण का आहेत, असा प्रश्न नवख्या माणसाला पडतो, त्याचे उत्तर यातच आहे. तेथे वाकून चरणांना स्पर्श करायचा आणि मग क्षणभर वर पाहायचे, एवढे जरी घरातल्या मुलांना आधी सांगून ठेवले, तरी पंचवीस सारख्याच दिसणाऱ्या छत्र्या पाहून ती कंटाळत नाहीत.

आपल्या भागाचे या क्षेत्राशी जुने नाते आहे. चारित्र चक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांचा संघ १९२७-२८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज बाहुबलीहून पायी विहार करीत शिखरजीला पोहोचला होता. आपल्या हातात रेल्वेचे तिकीट असते, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ तक्रारी आपोआप मिटतात.

२. योग्य काळ निवडा

ऑक्टोबर अखेरीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा असतो. पावसाळ्यात वाट निसरडी होते, पायाखाली जीवजंतूही फार असतात, आणि चातुर्मासात अनावश्यक प्रवास टाळण्याची आपली परंपराही आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी उतरताना तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे वृद्धांना झेपत नाही. श्रावण शुद्ध सप्तमीला, म्हणजे पार्श्वनाथ भगवंतांच्या मोक्षकल्याणकाला (मोक्षाला गेल्याच्या तिथीला), येथे निर्वाणलाडू चढवण्यासाठी मोठा समुदाय जमतो. तो सोहळा पाहण्यासारखा आहे, परंतु पहिली वंदना त्या गर्दीत करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. नाताळ आणि नववर्षाच्या सुट्टीबाबतही तेच.

थंडीत जाणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. हा प्रदेश आपल्यापेक्षा बराच पूर्वेला असल्यामुळे डिसेंबरात तेथे संध्याकाळी पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, तर कोल्हापूर-सांगलीकडे त्या वेळी अजून तासभर दिवस असतो. रात्रिभोजनाचा त्याग असणाऱ्यांनी घरच्या सवयीने साडेपाचला भोजनशाळेत जायचे ठरवले, तर त्या दिवशी उपाशीच राहावे लागते. पर्वतावरून केव्हा परतायचे, याचा हिशेबही घरच्या सूर्यास्तावर न करता तेथल्या सूर्यास्तावर करावा.

३. प्रवास ठरवा

सर्वांत जवळचे मोठे स्थानक पारसनाथ हे असून ते इसरी बाजार येथे, गया ते धनबाद या लोहमार्गावर आहे. तेथून मधुबन साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे; स्थानकाबाहेर जीप आणि रिक्षा मिळतात आणि काही धर्मशाळा आधी कळवल्यास वाहनही पाठवतात.

मुंबईकडून जाणाऱ्यांची हमखास होणारी गफलत अशी की मुंबई-हावडा मेल या एकाच नावाच्या दोन गाड्या आहेत. एक नागपूरमार्गे जाते आणि तिचा पारसनाथशी काहीही संबंध येत नाही. आपल्याला हवी ती प्रयागराज आणि गया मार्गे जाणारी. तिकीट काढताना गाडीचे नाव पाहून थांबू नका, मधली स्थानके वाचा. कोल्हापूरहून धनबादला जाणारी साप्ताहिक दीक्षाभूमी एक्सप्रेस दक्षिण महाराष्ट्रातील यात्रेकरूंना उपयोगी पडते, मात्र ती आठवड्यातून एकदाच असल्याने परतीचे गणित आधी मांडावे लागते. या मार्गावरच्या सगळ्याच गाड्या पारसनाथला थांबत नाहीत. अशा वेळी गोमो किंवा धनबादला उतरून रस्त्याने यावे. विमानाने येणाऱ्यांसाठी रांची आणि देवघर हे विमानतळ आहेत.

प्रवास दीड-दोन दिवसांचा होतो. गाडीतून उतरल्या रात्रीच पर्वत चढायला निघणारे लोक मी पाहिले आहेत आणि निम्म्या वाटेवर त्यांचे पाय सुजलेलेही पाहिले आहेत. पोहोचल्यावर एक पूर्ण दिवस विश्रांतीसाठी ठेवाच.

४. निवास आणि कागदपत्रे

मधुबनात तेरापंथी कोठी, बीसपंथी कोठी, श्वेतांबर कोठी आणि इतर अनेक धर्मशाळा आहेत. सुट्टीच्या काळात खोली आधी आरक्षित करावी आणि पावतीवर तारीख, माणसे व खोलीचा प्रकार लिहिलेला आहे ना, हे पाहून घ्यावे. वृद्ध सोबत असतील तर तळमजल्यावरची खोली मागून घ्या, कारण वंदनेनंतर दोन जिने चढणे हेही संकट वाटते.

सोबत ठेवावयाची कागदपत्रे :

- प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे आधार कार्ड किंवा अन्य छायाचित्र असलेले ओळखपत्र, मूळ प्रत आणि एक छायाप्रत
- खोलीच्या आरक्षणाची पावती, कागदावर छापलेली
- जाण्यायेण्याची रेल्वे तिकिटे
- रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी आणि पुरेशी औषधे
- घरच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, विशेषतः वृद्धांच्या आणि मुलांच्या खिशात

रोख रक्कम थोडी जास्त ठेवा आणि त्यात सुट्या नोटा असू द्या.

५. महिनाभर आधी शरीर तयार करा

संपूर्ण वंदना सत्तावीस किलोमीटरची आहे, असे सर्वसाधारणपणे धरतात : नऊ किलोमीटर चढण, नऊ किलोमीटर टोंकांची फेरी आणि नऊ किलोमीटर उतार. बहुतेकांना दहा ते बारा तास लागतात. घरापासून बस्तीपर्यंत (जैन मंदिरापर्यंत) चालण्याची सवय एवढ्यासाठी पुरेशी नाही. निदान महिनाभर आधीपासून रोज तासभर चालावे, आठवड्यातून दोनदा जिना किंवा टेकडी चढावी आणि अंगणात किंवा गच्चीवर थोडे अनवाणीही चालावे, कारण तळव्यांची कातडी एका रात्रीत घट्ट होत नाही. आमच्याकडच्यांनी बाहुबलीच्या डोंगरावर चढउतार करून सराव केला तरी चालतो. गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते, म्हणून सरावातही उतरण्याकडे लक्ष द्या.

निर्जल किंवा निराहार वंदना करण्याचा भाव अनेकांच्या मनात असतो आणि तो आदरणीयच आहे. परंतु मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा नियम घेऊ नये. ज्याला उपवासाचा सराव नाही, त्याने गाळून उकळलेले पाणी सोबत घ्यावे आणि शांतपणे वंदना करावी. चक्कर येऊन डोलीत पडून खाली येण्यापेक्षा ते कितीतरी श्रेयस्कर आहे.

६. आदल्या दिवशी मधुबनात करावयाची कामे

सकाळी पायथ्याच्या मंदिरांची दर्शने करा. श्वेतांबर यात्रेकरू पर्वतावर जाण्यापूर्वी भोमियाजी या पर्वतरक्षक देवाच्या मंदिरात आवर्जून जातात. दुपारी पुढील सामान जमवा :

- काठी; मधुबनात बांबूची मिळते, ती आपल्या छातीच्या उंचीची पाहून घ्यावी
- विजेरी आणि जादा सेल
- धुतलेले, शुद्ध, सैलसर सुती कपडे आणि थंडीसाठी एक पांघरण, जे उन्हे वर आल्यावर कमरेला बांधता येईल
- अनवाणी चालवत नसेल तर जाड सुती मोजे. चामड्याची कोणतीही वस्तू, अगदी पट्टा किंवा पाकीटही, नेऊ नका
- अर्घ्याच्या (चरणांपुढे चढवायच्या पूजाद्रव्याच्या) पुड्या

या पुड्यांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण येथेच नवख्यांची धांदल उडते. अक्षता, लवंग, बदाम, खोबऱ्याचे तुकडे, केशरी केलेले तांदूळ असे द्रव्य एकत्र करून प्रत्येक टोंकेसाठी एकेक कागदी पुडी आदल्या रात्री बांधावी आणि वर तीर्थंकरांचे नाव लिहावे. मोठ्या पिशवीतून अंधारात, थंडीने आखडलेल्या बोटांनी मूठमूठ द्रव्य काढू पाहणाऱ्याचे सगळे लक्ष पिशवीतच राहते. पुडी हातात आली की नाव वाचले जाते, आणि नाव वाचले की स्मरण आपोआप होते. प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र अजिबात नकोत. पर्वत अभयारण्याच्या क्षेत्रात आहे आणि वाटेवरची माकडे त्या ओढून नेतात. रिकामे कागद खिशात घालून खाली आणावेत.

डोली हवी असल्यास तीही आदल्या संध्याकाळीच ठरवा. दर बहुधा यात्रेकरूच्या वजनावर ठरतो. बोलताना तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या : सर्व टोंकांची वंदना होणार की केवळ पार्श्वनाथ टोंकेपर्यंतच नेणार, डोलीला किती माणसे असणार, आणि ठरलेल्या पैशांत त्यांचा चहा-फराळ धरला आहे का. हे न बोलल्यामुळे वर जाऊन होणारा वाद दोन्ही बाजूंना क्लेश देतो. डोलीवाल्यांपैकी अनेकजण याच परिसरातील आदिवासी आहेत. संथाळ समाज या पर्वताला मरांग बुरू म्हणून पूजतो, म्हणजे आपल्याला खांद्यावर घेऊन जाणाऱ्याचेही हे देवस्थान आहे, याचे भान आपल्या बोलण्यात राहिले पाहिजे.

७. चढण : पहाटेची वाट

पहाटे तीनच्या सुमारास निघणे उत्तम. स्नान करून, शुद्ध कपडे घालून, णमोकार मंत्र म्हणून पायरीला हात लावावा आणि निघावे. सुरुवातीची वाट रुंद व बांधीव असते, आणि उत्साहात लोक येथेच भराभर चालतात. हीच चूक नंतर चंद्रप्रभ टोंकेच्या चढावर भोवते. बोलताना धाप लागणार नाही, इतपत वेग ठेवा.

पहिला ठळक टप्पा गंधर्व नाला. त्याच्या पुढे वाट फुटते : एक फाटा सीता नाल्यावरून गौतम गणधर (महावीरांचे प्रमुख शिष्य) यांच्या टोंकेकडे जातो आणि दुसरा डाक बंगल्याच्या बाजूने थेट पार्श्वनाथ टोंकेकडे. पूर्ण वंदना करणाऱ्याने गौतम गणधर टोंकेचाच फाटा धरायचा. अंधारात पुढच्या घोळक्याच्या मागे जाऊन दुसऱ्या वाटेला लागलेला माणूस सर्वांत शेवटी घ्यायच्या दर्शनाला सर्वांत आधी पोहोचतो आणि मग उलट्या क्रमाने फिरताना हमखास दोन-तीन टोंका चुकतात. फाट्यावर थांबा, विचारा, आणि कुटुंबातील सर्वजण एकत्र आल्यावरच पुढे व्हा.

मोटारसायकलवरून वर नेणारेही मधुबनात भेटतात. ज्याचे पाय धड आहेत, त्याने तो मार्ग धरू नये. ज्याचे नाहीत, त्याच्यासाठी डोली आहे.

८. टोंकांचा क्रम

पहिली टोंक गौतम गणधरांची. थंडीत साधारण येथेच उजाडते आणि समोर डोंगराच्या कण्यावर एकामागून एक पांढऱ्या छत्र्या दिसू लागतात. येथे बसून पाच मिनिटे श्वास घ्या, पुड्या क्रमाने लावा आणि फेरीला लागा.

पहिल्या भागात क्रमाने कुंथुनाथ (ज्ञानधर कूट), नमिनाथ (मित्रधर), अरनाथ (नाटक), मल्लिनाथ (संबल), श्रेयांसनाथ (संकुल), पुष्पदंत (सुप्रभ), पद्मप्रभ (मोहन) आणि मुनिसुव्रतनाथ (निर्जर) यांच्या टोंका येतात. या एकमेकींच्या तशा जवळ आहेत, त्यामुळे पावले भराभर पडतात आणि अर्घ्यही भराभर चढते. मुद्दाम सावकाश व्हा. एका टोंकेवर निदान तीन गोष्टी कराव्यात : तीर्थंकरांचे नाव घेऊन चरणांना नमस्कार, अर्घ्य, आणि नऊ वेळा णमोकार मंत्र. मागे रांग असेल तर मंत्र बाजूला उभे राहून म्हणावा.

यानंतर येते चंद्रप्रभ भगवंतांची टोंक, ललित कूट. ती इतर टोंकांपासून दूर, एका टोकाला, एकटीच उंचावर आहे. उतरायचे आणि पुन्हा खडे चढायचे, असा हा भाग असल्याने पुष्कळ जण खालूनच हात जोडतात आणि "पुढच्या वेळी पाहू" म्हणून वळतात. माझी विनंती आहे की शक्ती असेल तर ही टोंक सोडू नका. वाटेवर गर्दी विरळ होते, दोन्ही बाजूंना झाडी दाट होते, आणि वर पोहोचल्यावर आलेली सगळी वाट मागे वळून दिसते. ज्यांना खरोखर झेपणार नाही, त्यांनी तेथूनच भावपूर्वक अर्घ्य द्यावे. त्यात उणेपणा मानण्याचे कारण नाही.

तेथून परतीच्या अंगाने आदिनाथ, शीतलनाथ (विद्युतवर), अनंतनाथ (स्वयंभू), संभवनाथ (धवलदत्त), वासुपूज्य आणि अभिनंदननाथ (आनंद) यांच्या टोंका घेत जलमंदिराकडे यावे. आदिनाथ, वासुपूज्य आणि पुढे येणारे नेमिनाथ व महावीर यांचे निर्वाण अन्यत्र झालेले असले, तरी चोवीसही तीर्थंकरांचे स्मरण एकाच फेरीत व्हावे म्हणून त्यांचेही चरण येथे आहेत. जलमंदिर हे श्वेतांबर मंदिर असून तेथे मूर्ती आहेत.

जलमंदिराहून पुन्हा गौतम गणधर टोंकेजवळ आल्यावर दुसरी बाजू सुरू होते : धर्मनाथ (सुदत्त), सुमतिनाथ (अविचल), शांतिनाथ (कुंदप्रभ), महावीर, सुपार्श्वनाथ (प्रभास), विमलनाथ (सुवीर), अजितनाथ (सिद्धवर) आणि नेमिनाथ. एव्हाना ऊन वर आलेले असते आणि मुले कुरकुर करू लागतात. लहान मुलांना पुडीवरचे नाव मोठ्याने वाचण्याचे काम द्यावे. आमच्या घरातल्या मुलांनी तीर्थंकरांची नावे याच वाटेवर पाठ केली.

९. पार्श्वनाथ टोंक आणि उतार

सर्वांत उंच जागी पार्श्वनाथ भगवंतांची सुवर्णभद्र कूट आहे. शंभर वर्षांचे आयुष्य पूर्ण करून ते येथून मोक्षाला गेले आणि पर्वताला त्यांचेच नाव मिळाले. येथे शिखरबंद मंदिर आहे, त्यात चरण विराजमान आहेत आणि भोवतीच्या मोकळ्या जागेतून चहूकडचा मुलूख दिसतो. गर्दीमुळे आत फार वेळ मिळत नाही, म्हणून दर्शन आणि अर्घ्य झाल्यावर बाहेर येऊन बसावे आणि निर्वाणकांड किंवा जे पाठ असेल ते तेथे म्हणावे. भावपूर्वक केलेल्या वंदनेने नरक आणि तिर्यंच (पशू-कीटकादी) गती टळते अशी श्रद्धा आहे. त्यातला भर भावावर आहे, हे येथे बसल्यावर चांगले उमगते.

उतरताना डाक बंगल्याच्या बाजूची वाट घ्यावी. काठी आता खरी उपयोगी पडते : पाय तिरपा टाकून, काठी आधी टेकवून उतरावे, धावू नये. वाटेवर लिंबू सरबत, फळे वगैरे विकणारे बसलेले असतात. पर्वतावर काहीही न खाण्याचा नियम बहुतेक श्रावक पाळतात आणि माझा आग्रहही तोच आहे. आजारी माणूस आणि बालके यांची गोष्ट निराळी. छायाचित्रे काढायची असतील तर वाटेवर काढा, चरणांसमोर उभे राहून नकोत.

पर्वताच्या पावित्र्यासाठी समाजाने मोठे आंदोलन केले आणि त्यानंतर ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने २०१९ च्या अधिसूचनेतील पर्यावरण-पर्यटनाच्या तरतुदींना स्थगिती दिली. मद्य, मांसाहार, मोठ्याने संगीत वाजवणे, तंबू ठोकणे यांना येथे मनाई आहे. ही मनाई इतरांसाठी आहे असे समजून, स्वतः मोबाइलवर गाणी लावून चढणारे यात्रेकरू पाहिले की फार वाईट वाटते. भजन म्हणायचे तर आपल्या गळ्याने म्हणा.

१०. परतल्यावर

खोलीवर येताच कोमट पाण्यात मीठ घालून पाय अर्धा तास बुडवून ठेवा आणि पोटऱ्यांना तेल चोळा. दुसऱ्या दिवशी पाय इतके दुखतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो, म्हणून त्या दिवशीची परतीची गाडी आरक्षित करू नका. एक दिवस मध्ये राहिला तर मधुबनातील राहिलेली मंदिरे आणि जाता-जाता इसरीचे दर्शन निवांतपणे होते. क्षुल्लक (दिगंबर परंपरेतील व्रती साधकाचे पद) गणेशप्रसादजी वर्णी यांनी आयुष्याची अखेरची वर्षे इसरीतच घालवली.

ज्यांच्याकडे आणखी तीन-चार दिवस आहेत, त्यांनी शेजारच्या बिहारमधील पावापुरी, राजगीर आणि भागलपूरजवळचे चंपापूर ही क्षेत्रे याच प्रवासात जोडावीत. महावीर आणि वासुपूज्य या दोन तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीही मग त्याच यात्रेत घडतात. मात्र हा पुढचा प्रवास वंदनेनंतरच ठेवा, आधी नको. सत्तावीस किलोमीटर चालायचे पाय बसगाडीत आखडून आणू नयेत.